दोनच अजिंक्यपदे का? पांचो गोन्झालेसची कारकीर्द समजून घेताना

टेनिसच्या नोंदवहीत पांचो गोन्झालेसच्या नावापुढे एकेरीची ग्रँड स्लॅम अजिंक्यपदे फक्त दोन दिसतात, आणि दोन्ही अमेरिकन स्पर्धेची, 1948 आणि 1949 सालची. त्यानंतर त्या रकान्यात काहीच नाही. ज्याला या खेळाचा इतिहास ठाऊक नाही त्याला वाटेल की हा खेळाडू विशीत चमकला आणि लगेच विझला. प्रत्यक्षात त्या रिकाम्या जागेतील बराच काळ तो जगातील सर्वांत बलाढ्य टेनिसपटू होता, त्याच्यासोबत खेळलेले लोक हे अखेरपर्यंत सांगत राहिले, आणि त्याचे पुरावेही आकड्यांत उपलब्ध आहेत. मग नोंदवही गप्प का आहे, हे समजण्यासाठी आधी त्या काळच्या टेनिसची व्यवस्था समजून घ्यावी लागते.

‘हौशी’ आणि ‘व्यावसायिक’ हे दोन शब्द मराठी माणसाला रंगभूमीमुळे चांगले परिचयाचे आहेत. राज्य नाट्य स्पर्धेत हौशी संस्थेकडून काम केलेला नट पुढे व्यावसायिक रंगभूमीवर जातो, नाव कमावतो, आणि त्याचे कोणालाही वैषम्य वाटत नाही. 1968 पूर्वीच्या टेनिसमध्ये या दोन शब्दांच्या मधोमध एक दरवाजा होता आणि तो एकाच बाजूने उघडत असे. विम्बल्डन, अमेरिकन, फ्रेंच आणि ऑस्ट्रेलियन या चारही मोठ्या स्पर्धा, तसेच देशादेशांतील डेव्हिस चषक, केवळ हौशी खेळाडूंसाठी राखीव होता. खेळण्याबद्दल उघडपणे पैसे घेण्याचा करार ज्याने केला त्याला या स्पर्धा बंद होत. व्यावसायिकाला पुन्हा हौशी होण्याची वाट जवळजवळ नव्हतीच.

यातील दांभिकपणा असा की वरच्या दर्जाच्या हौशी खेळाडूंनाही पैसे मिळत होते. प्रवासखर्च, निवासखर्च या नावाखाली संघटना आणि स्पर्धांचे आयोजक त्यांच्या हाती पाकिटे ठेवत. ते न मिळते तर वर्षातील आठ-दहा महिने देशोदेशी खेळत हिंडणे फक्त श्रीमंतांच्या मुलांना परवडले असते. विम्बल्डन भरवणाऱ्या ऑल इंग्लंड क्लबचे अध्यक्ष हर्मन डेव्हिड यांनी पुढे या हौशीपणाला ‘चालतेबोलते असत्य’ म्हटले, ते याच कारणाने. पण पाकिटाचा फायदा संघटनेला होता. पैसे तिच्या मर्जीने मिळत असल्याने खेळाडू तिच्या मुठीत राहत असे.

या व्यवस्थेत गोन्झालेस कुठून आला, हेही पाहण्यासारखे आहे. रिकार्डो अलोन्सो गोन्झालेसचा जन्म 9 मे 1928 रोजी लॉस एंजेलिस येथे झाला. मेक्सिकोतील चिवावा प्रांतातून आलेल्या कष्टकरी आईवडिलांच्या सात अपत्यांपैकी तो थोरला. ‘पांचो’ हे त्याचे नाव नव्हे. त्या काळी अमेरिकेत कोणाही मेक्सिकन वंशाच्या माणसाला सरसकट या नावाने हाक मारत आणि त्यात हेटाळणीचा सूर असे. तेच नाव त्याला कायमचे चिकटले. बाराव्या वर्षी आईने त्याला 51 सेंटची रॅकेट आणून दिली. प्रशिक्षक नव्हता, क्लबचे सदस्यत्व परवडणारे नव्हते. एक्स्पोझिशन पार्कमधील सार्वजनिक कोर्टांवर इतरांचा खेळ पाहून तो शिकला. टेनिस त्या काळी पांढरे कपडे घालून गोऱ्या, सुखवस्तू घरांतील मुलांनी खेळायचा खेळ होता, हे लक्षात घेतले म्हणजे या मुलाने केवळ नजरेने शिकून सर्व्हिसची इतकी निर्दोष लय कशी कमावली याचे आश्चर्य अधिकच वाटते.

शाळेत त्याचे मन रमले नाही. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या टेनिस संघटनेचे सर्वेसर्वा पेरी जोन्स यांनी, शाळा बुडवणाऱ्या मुलाला स्पर्धेत खेळू देणार नाही, अशी भूमिका घेतली, आणि ऐन घडणीच्या वयात त्याला स्पर्धा बंद झाल्या. पंधराव्या वर्षी घरफोडीच्या प्रकरणात पकडला जाऊन त्याने सुमारे वर्षभर सुधारगृहात काढले. 1945 मध्ये तो नौदलात गेला आणि 1947 च्या सुरुवातीला परतला. म्हणजे ज्या वयात इतर खेळाडू वर्षाला शंभर सामने खेळून अनुभव घेतात, ती वर्षे त्याची कोर्टाबाहेर गेली होती. तरीही पुढच्याच वर्षी, वयाच्या विसाव्या वर्षी, आठवे मानांकन असताना त्याने न्यूयॉर्कमधील फॉरेस्ट हिल्सवर अमेरिकन अजिंक्यपद जिंकले. अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या एरिक स्टर्जेसला त्याने 6–2, 6–3, 14–12 असे हरवले.

लोकांना हे यश नशिबाचे वाटले, कारण देशातील आणखी एक बलाढ्य खेळाडू टेड श्रोडर त्या स्पर्धेत खेळला नव्हता. 1949 च्या विम्बल्डनमध्ये गोन्झालेस चौथ्या फेरीतच हरला, तेव्हा एका पत्रकाराने त्याला ‘चीज चॅम्पियन’ म्हणजे नावापुरता विजेता असे हिणवले. गोर्गोन्झोला हे एका इटालियन चीजचे नाव, त्यावरून ‘गोर्गो’ हे टोपणनाव तयार झाले आणि पुढे सहकारी त्याला प्रेमाने त्याच नावाने हाक मारू लागले. त्याच वर्षी श्रोडर विम्बल्डन जिंकला होता, आणि सप्टेंबरमध्ये फॉरेस्ट हिल्सच्या अंतिम सामन्यात हे दोघे समोरासमोर आले. पहिला सेट 18–16 असा श्रोडरने घेतला. चौतीस गेमचा एक सेट हरल्यावर माणसाचे पाय आणि मन दोन्ही खचते, आणि गोन्झालेस दुसराही 2–6 असा हरला. मग त्याने 6–1, 6–2, 6–4 असे तीन सेट सलग जिंकले. हा केवळ एक विजय नव्हता. पुढच्या वीस वर्षांचे दान या सामन्याने पडले.

त्याचे कारण व्यावसायिक टेनिसच्या अर्थकारणात आहे आणि हा भाग नीट समजला तर बाकी सगळे आपोआप उलगडते. व्यावसायिकांकडे ना विम्बल्डनसारख्या जुन्या, प्रतिष्ठित स्पर्धा होत्या, ना क्लबांची मैदाने. त्यांच्याही काही स्पर्धा होत, पण पोट भरत असे ते दौऱ्यावर, आणि हे दौरे आपल्याकडील नाटक कंपन्यांच्या दौऱ्यांसारखेच असत: आज या गावी, उद्या त्या गावी, रात्री प्रयोग, प्रयोग संपला की सामान बांधून पुढचा रस्ता. सामानात कॅनव्हासचे घडीचे कोर्ट असे. ते व्यायामशाळेच्या लाकडी जमिनीवर किंवा बर्फाच्या रिंकवर फळ्या टाकून अंथरायचे, ताणून बांधायचे, त्यावर खेळायचे आणि पुन्हा गुंडाळायचे. दिवे अपुरे, छत कमी उंचीचे, कोर्टामागे धावायला जागा नाही. अशा परिस्थितीत एकाच प्रतिस्पर्ध्याशी शंभराच्या आसपास सामने खेळायचे, आणि शेवटी ज्याचे विजय अधिक तो व्यावसायिक जगाचा विजेता.

प्रेक्षक तिकीट काढून का येत? तर जुना व्यावसायिक विजेता आणि हौशी जगातून नुकताच आलेला ताजा विम्बल्डन किंवा अमेरिकन विजेता, यांच्यात श्रेष्ठ कोण हे पाहायला. ही उत्सुकता हेच विकायचे एकमेव उत्पादन होते. त्यामुळे प्रवर्तकाला, म्हणजे पैसे घालून दौरा भरवणाऱ्याला, दर एक-दोन वर्षांनी हौशी टेनिसमधून नवा नायक उचलून आणावा लागे, आणि जो हरला त्याची किंमत संपत असे, कारण ज्याचा निकाल लागला आहे त्या लढतीला पुन्हा कोण येणार? हौशी संघटना आपले विजेते तयार करत, त्यांना प्रसिद्धी देत, आणि व्यावसायिक प्रवर्तक ते विकत घेत. दोघेही एकमेकांना शिव्या देत आणि दोघांचेही एकमेकांवाचून चालत नव्हते.

1949 मध्ये व्यावसायिक विजेता होता जॅक क्रेमर. त्याच्यापुढे उभा करण्यासाठी श्रोडर हे नाव चर्चेत होते, पण फॉरेस्ट हिल्सच्या निकालानंतर प्रवर्तक बॉबी रिग्जने गोन्झालेसला करारबद्ध केले. वय 21, घरी पत्नी आणि लहान मूल, हाती पैसा नाही. अशा तरुणासमोर हजारो डॉलर ठेवले गेले तर तो नाही म्हणेल, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. पण तो तयार नव्हता. क्रेमर हा हिशेबी, संयमी आणि सर्व्हिस करून लगेच जाळीकडे झेपावण्याच्या शैलीचा पक्का कारागीर होता, आणि रोज नव्या गावी, थकल्या अंगाने खेळण्याची त्याला सवय झाली होती. 1949–50 च्या त्या दौऱ्यात क्रेमर 96 सामने जिंकला आणि गोन्झालेस 27.

बावीस वर्षे वय असताना गोन्झालेस जगातील सर्वोत्तम दोघा-तिघांपैकी एक होता, आणि बेकार होता. हौशी जगाचा दरवाजा बंद, आणि व्यावसायिक दौऱ्यात हरलेल्याला मागणी नाही. त्याने एक्स्पोझिशन पार्कमध्ये टेनिसच्या साहित्याचे दुकान चालवले, रॅकेटला तारा ओवून दिल्या, मिळतील त्या मोजक्या व्यावसायिक स्पर्धा खेळल्या. 1950 ते 1952 अशी सलग तीन वर्षे त्याने लंडनमधील वेम्ब्लीची व्यावसायिक स्पर्धा जिंकली, पण मोठ्या दौऱ्यासाठी क्रेमरने, जो आता स्वतःच प्रवर्तक बनला होता, ऑस्ट्रेलियाच्या फ्रँक सेजमनला निवडले. माझ्या मते गोन्झालेसच्या पुढच्या आयुष्यातील तो धुमसता राग, कोणाशी न बोलणे, एकट्याने गाडी हाकत पुढच्या गावी जाणे, या सगळ्याचे मूळ या रिकाम्या वर्षांत आहे. स्वभाव तापट होताच, पण त्याला वाळीत टाकणाऱ्या व्यवस्थेचाही त्यात वाटा होता.

1954 मध्ये क्रेमरने स्वतः खेळणे कमी करून चार जणांचा दौरा काढला आणि गोन्झालेसला परत बोलावले. आता आलेला खेळाडू निराळा होता. सेजमन आणि इक्वेडोरचा पांचो सेगुरा या दोघांनाही त्याने मागे टाकले आणि त्यानंतरची जवळजवळ सहा-सात वर्षे त्याला कोणी हलवू शकले नाही. हौशी टेनिसमधून येणाऱ्या प्रत्येक नव्या विजेत्याची परीक्षा आता त्याच्याशी होऊ लागली. टोनी ट्रॅबर्ट 1955 मध्ये चारपैकी तीन ग्रँड स्लॅम जिंकून आला होता. गोन्झालेसने त्याला 74–27 असे हरवले. 1956 चा अमेरिकन विजेता केन रोझवॉल 1957 मध्ये आला आणि 50–26 असा हरला. ही नावे आणि हे आकडे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे त्या काळच्या ग्रँड स्लॅम विजेतेपदांचे खरे वजन कळते. ती जगातील सर्वोत्तम खेळाडूच्या गैरहजेरीत जिंकली गेली होती.

खरी कसोटी लागली ती 1958 मध्ये, ल्यू होडच्या रूपाने. सोनेरी केसांचा, दणकट मनगटांचा हा ऑस्ट्रेलियन 1957 चे विम्बल्डन जिंकून ताबडतोब व्यावसायिक झाला होता, आणि रंगात असला की त्याला अडवणे कोणालाही शक्य नसे. दौऱ्याच्या पूर्वार्धात त्याने 27 पैकी 18 सामने जिंकले. गोन्झालेसची सद्दी संपली असे सर्वांना वाटू लागले. पुढे होडच्या पाठीने दगा द्यायला सुरुवात केली आणि गोन्झालेसने एकेक सामना खेचून आणत अखेर 51–36 असा दौरा जिंकला. पाठदुखीचे श्रेय पाठदुखीला द्यावेच लागेल. पण 9–18 अशा पिछाडीवर, प्रतिस्पर्ध्याच्या घरच्या प्रेक्षकांसमोरून सुरू झालेल्या दौऱ्यात टिकून राहणे हेदेखील कौशल्यच आहे, आणि मोठ्या दौऱ्यांत त्याच्याइतका चिवट माणूस दुसरा झाला नाही असे मला वाटते.

त्याची सर्व्हिस हा त्याच्या खेळाचा गाभा. सहा फुटांहून अधिक उंची, सहज वर जाणारा हात, कुठेही धक्का नसलेली हालचाल. पण नुसत्या वेगाने तो जिंकत नव्हता. ऐन मोक्याच्या गुणावर, समोरच्याला नेमका नको असलेल्या कोपऱ्यात सर्व्हिस पडणे, हे त्याचे वैशिष्ट्य होते. प्रवर्तकांनी सर्व्हिसपाठोपाठ लगेच जाळीकडे धावण्यास मनाई करणारा नियमही काही काळ करून पाहिला. चेंडू दोन्ही बाजूंना एकदा टप्पा खाईपर्यंत व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधीच हवेतला फटका, मारायची नाही, असा तो नियम होता. गोन्झालेस त्यातही जिंकत राहिला, कारण त्याचे पायही तितकेच चपळ होते.

इतके जिंकणाऱ्याला पैसे किती मिळत? इथे त्या व्यवस्थेतील सर्वांत विचित्र गोष्ट समोर येते. ट्रॅबर्टविरुद्धच्या दौऱ्यात हरलेल्या ट्रॅबर्टला सुमारे 80,000 डॉलर मिळाले आणि जिंकलेल्या गोन्झालेसला 15,000. होडला दोन वर्षांसाठी 1,25,000 डॉलरची हमी होती. क्रेमरचे तर्कशास्त्र सरळ होते: गल्ला भरतो तो नवा चेहरा पाहायला आलेल्यांमुळे, तेव्हा किंमत नव्या चेहऱ्याची. विजेता तर घरचाच आहे. शिवाय नव्या विजेत्याला हौशी टेनिसमधून फोडण्यासाठी मोठी हमी द्यावीच लागे, तर गोन्झालेसला जायला दुसरी जागाच नव्हती. त्याने क्रेमरशी सात वर्षांचा करार केलेला होता. तो मोडून मिळावा म्हणून तो न्यायालयात गेला आणि हरला. क्रेमरच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याने जोखीम पत्करून दौरे काढले नसते तर व्यावसायिक टेनिस तग धरू शकले नसते, आणि गोन्झालेस हा आपण पाहिलेल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक असल्याचे तो मान्य करत असे. तरीही ज्याच्या विजयांवर सगळा डोलारा उभा होता त्यालाच सर्वांत कमी वाटा मिळावा, हे मला आजही पटत नाही.

दौऱ्यांखेरीज अमेरिकेची व्यावसायिक अजिंक्यपद स्पर्धा त्याने आठ वेळा जिंकली, त्यांपैकी 1953 ते 1959 सलग सात वर्षे. वेम्ब्ली एकूण चार वेळा.

हौशी टेनिसच्या बाजूने राहण्याचा निर्णय घेणारेही होते आणि त्यांत आपल्या ओळखीचे एक नाव आहे. 1960 आणि 1961 अशी सलग दोन वर्षे विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचलेल्या रामनाथन कृष्णन यांना क्रेमरने व्यावसायिक होण्यासाठी मोठ्या रकमेचा प्रस्ताव दिला होता आणि कृष्णन यांनी तो नाकारला. स्वीकारला असता तर त्यांना भारतासाठी डेव्हिस चषक खेळता आला नसता, आणि 1966 मध्ये भारत प्रथमच त्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला तो संघ त्यांच्याविना उभा राहिला असता. एका करारावरील सहीने देशासाठी खेळण्याचा हक्क जात असे, ही त्या काळाची रीत होती.

दरवाजा उघडण्याची संधी 1960 मध्येच आली होती. सर्वांसाठी खुल्या स्पर्धा असाव्यात असा ठराव आंतरराष्ट्रीय महासंघाच्या पॅरिस येथील सभेत मांडला गेला आणि आवश्यक दोन-तृतीयांश बहुमताला अवघी पाच मते कमी पडली. गोन्झालेस तेव्हा 32 वर्षांचा होता. ही पाच मते मिळाली असती तर विम्बल्डनच्या हिरवळीवर तो, होड, रोझवॉल आणि थोड्याच काळाने रॉड लेव्हर एकमेकांशी खेळताना दिसले असते. पुढची आठ वर्षे तसे झाले नाही.

अखेर दडपण आले ते पैशाच्याच बाजूने. ऑगस्ट 1967 मध्ये ऑल इंग्लंड क्लबने आपल्याच मैदानावर आठ व्यावसायिकांची स्पर्धा भरवली, बीबीसीने ती दाखवली, प्रेक्षकांनी गर्दी केली. त्याच सुमारास नव्या प्रवर्तकांनी विम्बल्डन विजेत्या जॉन न्यूकमसह अनेक आघाडीचे हौशी खेळाडू उचलले. नामवंतांशिवाय स्पर्धा भरवायची की नियम मोडायचा, एवढाच प्रश्न उरला. डिसेंबर 1967 मध्ये ब्रिटिश संघटनेने हौशी-व्यावसायिक भेद रद्द करण्याचे ठरवले, आणि मार्च 1968 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघालाही खुल्या स्पर्धांना मान्यता द्यावी लागली.

पहिली खुली स्पर्धा एप्रिल 1968 मध्ये इंग्लंडमधील बोर्नमथ येथे झाली आणि तिथे चाळिशीला टेकलेला गोन्झालेस मार्क कॉक्स या ब्रिटिश हौशी खेळाडूकडून पाच सेटमध्ये हरला. वृत्तपत्रांना मोठा मथळा मिळाला. महिनाभरानंतर फ्रेंच स्पर्धेत त्याने गतविजेत्या रॉय इमर्सनला हरवून उपांत्य फेरी गाठली, याची आठवण मात्र फार कमी जणांना आहे.

1969 च्या विम्बल्डनचा सामना मात्र कोणी विसरलेले नाही. पहिल्याच फेरीत समोर होता चार्ली पासरेल, पंचवीस वर्षांचा, गोन्झालेसकडूनच काही धडे घेतलेला. त्या काळी टायब्रेक नव्हता, दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट चालत राही. पहिला सेट पासरेलने 24–22 असा जिंकला तेव्हा अंधारून आले होते. गोन्झालेसने खेळ थांबवण्याची मागणी केली, पंचांनी ती फेटाळली, आणि संतापाच्या भरात तो दुसरा सेट 1–6 असा हरला. मैदान सोडताना प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी एकेचाळीस वर्षांचा हा माणूस परत आला आणि 16–14, 6–3, 11–9 असे तीन सेट जिंकला. पाचव्या सेटमध्ये दोनदा तो स्वतःच्या सर्व्हिसवर 0–40 असा मागे होता. एकूण सात मॅच पॉइंट, म्हणजे गमावला तर सामनाच संपेल असे गुण, त्याने वाचवले. पाच तास बारा मिनिटे, 112 गेम. आदल्या संध्याकाळी ओरडणारे प्रेक्षक आता उभे राहून टाळ्या वाजवत होते. इतके लांब सामने आवरायला हवेत, या विचाराला या लढतीने बळ मिळाले, आणि दोन वर्षांत अमेरिकन स्पर्धा व विम्बल्डन या दोन्हींनी टायब्रेक स्वीकारला.

जानेवारी 1970 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ‘जिंकेल त्याला सगळे’ या अटीवर 10,000 डॉलरचा एक सामना ठेवला गेला. समोर होता लेव्हर, ज्याने नुकत्याच सरलेल्या वर्षात चारही ग्रँड स्लॅम जिंकल्या होत्या. गोन्झालेसने त्याला पाच सेटमध्ये हरवले.

3 जुलै 1995 रोजी लास व्हेगास येथे त्याचे कर्करोगाने निधन झाले. त्याची अखेरची पत्नी रिटा ही आंद्रे अगासीची बहीण, आणि अंत्यसंस्काराचा खर्च अगासीने केला, कारण गोन्झालेसच्या गाठीला फारसे काही उरले नव्हते.

फेब्रुवारी 1972 मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, आयोवा राज्यातील डे मॉइन येथे झालेली एक लहानशी बंदिस्त स्पर्धा त्याने जिंकली होती. अंतिम सामन्यात फ्रान्सच्या जॉर्ज गोव्हेनविरुद्ध पहिले दोन सेट हरून त्याने पुढचे तिन्ही घेतले. खुल्या टेनिसच्या काळातील सर्वाधिक वयाचा विजेता म्हणून हे विजेतेपद नोंदवहीत ठळकपणे आहे. होडला हरवलेले 51 सामने, ट्रॅबर्टला हरवलेले 74 आणि अमेरिकेची ती आठ व्यावसायिक अजिंक्यपदे वेगळ्या पानावर आहेत, आणि ते पान उघडून पाहावे लागते.